कुलूपबंद निरोप

हात पुसत पुसत ती बाहेर आली आणि पाहते तर काय, तिच्या खुर्चीत, तिच्या कॉम्प्युटरसमोर एक अनोळखी माणूस ठाण मांडून बसलेला! नुसता बसला असता तरी तिने एक वेळ सोडून दिलं असतं. पण त्याने तिच्या स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यावर पुठ्ठ्याचा एक तुकडा चिकटवला होता. तोही कशाने? गुलाबी, लिबलिबीत, चघळून टाकल्यासारख्या दिसणाऱ्या कसल्याशा गोळ्याने!

"अहो! हे काय चाललंय?"

तो वळला. वळता वळता हसला, आणि त्याच्या डाव्या गालाला खळी पडली. ती तिने पाहिली. पाहायची नव्हती, पण पाहिली.

"झाकलंय," तो म्हणाला.

"काय झाकलंय?"

"तुमचे निरोप. कोपऱ्यातून सारखे वर येतायत. मी मोल्डच्या ऑर्डरी बघायला बसलो होतो हो... दुसऱ्याचं वाचायचं नाही असं कितीही ठरवलं, तरी डोळे थोडेच आपलं ऐकतात? म्हणून पुठ्ठा लावला."

"म्हणजे वाचलंत तुम्ही!"

"'ताई' एवढंच वाचलं."

"वाचलंत ना पण?"

"काय झाकायचं ते आधी दिसायला तर हवं..."

बरोबर बोलणाऱ्या माणसाचा तिला दुप्पट राग येत असे. "आणि हा गोळा? माझ्या स्क्रीनला डाग पडला तर?"

"नाही पडत. कानात घालायचा आहे तो. कानाला पडत नाही, तर काचेला कुठला पडायला!"

असा तो भेटला. कानाच्या दवाखान्यातला नवा साचेवाला. कानाचं मशीन बसवायचं तर आधी पेशंटच्या कानाचा साचा घ्यावा लागतो, त्यावरून कानात नेमका बसेल असा मोल्ड घडवावा लागतो. आधीचे काका हे काम करायचे, ते निवृत्त झाले आणि त्यांच्या टेबलावर हा आला. ती स्वतः कान तपासणारी. काचेच्या केबिनमध्ये पेशंट हेडफोन लावून बसणार, बाहेरच्या टेबलाशी यंत्र आणि कॉम्प्युटर घेऊन ही बसणार, आणि आवाज ऐकवणार. घरी तिला ठिणगी म्हणत. का म्हणत, हे वेगळं सांगायला नको.

आता ते निरोपांचं प्रकरण. तपासणीच्या खोलीत मोबाइल आणायला बंदी होती. मोबाइल जवळ असला की काही मशीनं गुणगुणायला लागत. त्यामुळे सगळ्यांचे फोन दारातल्या पेटीत पडलेले असत. पण दूरच्या गावी राहणाऱ्या ताईला हे कोण समजावणार? तिला दिवसातून चार वेळा बोलल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. म्हणून ठिणगीने निरोपांचं अ‍ॅप कॉम्प्युटरवर घेतलं होतं. स्क्रीनवर एक चौकोनी ठिपक्यांची खूण येते, ती फोनने टिपायची, की झालं. फोनवरचे निरोप इथेही दिसतात. अ‍ॅप ताईनेच निवडलेलं. निरोप इकडून कुलूप लावून निघतो आणि तिकडे गेल्यावरच उघडतो, मधल्या कुणालाही वाचता येत नाही, अगदी अ‍ॅप बनवणाऱ्यांनासुद्धा नाही. ताई म्हणायची, "बहिणीबहिणींचं बोलणं आहे, चार लोकांत कशाला?"

त्या पुठ्ठ्यानंतर ठिणगीने बंदोबस्त आणखी कडक केला. निरोप आला की नुसतं 'नवा निरोप' दिसावं, नाव नको, मजकूर नको. एक दिवस झाला की निरोप आपोआप पुसला जावा. उठताना कॉम्प्युटरला पासवर्ड. साचेवाल्याला ऑर्डरी बघायला त्याच कॉम्प्युटरवर वेगळं खातं. एवढा पहारा खजिन्यावरही नसेल.

"काय काय लपवलंय हो त्यात?" तो विचारायचा.

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. चोराला माहीत नको का, आपण कशाची चोरी करत नाही आहोत ते?"

ती हसू दाबायची. दाबलेलं हसू मग दिवसभर कुठे ना कुठे निसटायचं.

पावसाची सर आली की पत्र्यावर ताशे वाजत आणि तपासणी थांबवावी लागे. केबिन कितीही जाड भिंतींची असली तरी तेवढा पाऊस ती अडवू शकत नसे. अशा वेळी पेशंट बाहेर चहा पीत बसत आणि ही दोघं आत, एक यंत्राशी, एक आपल्या टेबलाशी. तो बोटांनी गुलाबी पेस्ट मळत असायचा. ती बघत नसल्यासारखं करून त्याची बोटं बघायची.

"रात्री झोप लागत नाही का तुम्हाला?" एकदा त्याने विचारलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"डोळ्यांनी. तुमच्याच."

शेजारच्या इमारतीचं काम चाललं होतं, यंत्रं पहाटेच सुरू होत, हे तिने वैतागून सांगितलं. त्याने स्टूल पुढे ओढलं. "बसा. कानात घालायला बोळे करून देतो, आवाज अडवणारे. साचा घ्यावा लागेल."

ती बसली. त्याने तिच्या कानावरची बट बाजूला केली, अगदी हलक्या हाताने, परवानगी मागितल्यासारखं. मग कानात थंडगार पेस्ट शिरली आणि पाऊस एका बाजूने बंद झाला. मग दुसऱ्या बाजूने. जग एकदम कापसात गुंडाळल्यासारखं झालं. त्याने ओठांवर बोट ठेवून खूण केली, साचा घट्ट होईपर्यंत बोलायचं नाही, जबडा हलवायचा नाही. तो समोर बसून राहिला. तिला फक्त स्वतःच्या छातीतली धडधड ऐकू येत होती, आणि ती इतकी मोठ्याने वाजत होती की त्यालाही ऐकू जात असेल अशी तिची खात्री झाली.

साचे निघाल्यावर तो म्हणाला, "तुम्हाला इतका वेळ गप्प बसवणारं औषध सापडलं एकदाचं."

"पुन्हा म्हणून तर बघा!"

"घरी काय म्हणतात तुम्हाला?"

"...ठिणगी."

"उगीच नाही म्हणत," तो म्हणाला आणि ती खळी पुन्हा पडली.

त्या दिवसापासून ताईला जाणाऱ्या निरोपांत दवाखान्याच्या बातम्या कमी आणि खळीच्या जास्त जायला लागल्या.

पण त्या निरोपांत आणखी एक गोष्ट होती, आणि ती मात्र गंमतीची नव्हती. गावातल्या मोठ्या इस्पितळात लहान मुलांचे कान तपासणारा नवा विभाग निघत होता. जन्मलेल्या बाळाला ऐकू येतं की नाही हे पहिल्या काही दिवसांत बघायचं, हे काम करायचं तिच्या मनात शिकत असल्यापासून होतं. मुलाखत झाली होती. चांगली झाली होती. पक्कं मात्र कळलं नव्हतं. दवाखान्याचे मालक असलेल्या डॉक्टरांना आधीच कळलं तर ते तिच्या जागी लगेच दुसरी बघतील, आणि इस्पितळातून नकार आला तर ही ना इकडची ना तिकडची. म्हणून ताईशिवाय कुणालाही सांगायचं नाही असं ठरलं होतं. साचेवाल्यालासुद्धा नाही. हे शेवटचं तिला टोचत होतं, पण आज सांगू, उद्या सांगू असं चाललं होतं.

अशात एक दिवस डॉक्टरांचे मामा तपासणीला आले. निवृत्त शिक्षक. कानांनी कमी ऐकत, पण तोंडाने त्याची भरपाई करत. केबिनमध्ये हेडफोन लावून बसवलं तरी त्यांची टकळी चालूच. "मुली, खुर्ची बरी आहे हो तुमची. मुली, हा दिवा कितीचा?" केबिनमधला माइक बाहेर ठिणगीच्या टेबलावर ऐकू येत असे. तिने समजावलं, "मामा, आता शब्द ऐकू येतील. जे ऐकू येईल ते तसंच्या तसं म्हणायचं. दुसरं काही बोलायचं नाही."

शब्दांचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवरून वाजायचं आणि वायरीने थेट केबिनमधल्या हेडफोनात जायचं. डावा कान झाला. उजव्याच्या आधी दोन मिनिटं विश्रांती. मामांनी पुन्हा दिव्याची चौकशी सुरू केली, तेव्हा ठिणगीने त्यांचा माइक बंद केला. नेमका तेव्हाच 'नवा निरोप' आला. ताईचा, बोललेला. ताईला टाइप करायचा भारी कंटाळा. ठिणगीने चोरून कळ दाबली. आवाजच येईना. पुन्हा दाबली. छे! तिसऱ्यांदा दाबली आणि "मेलं हे अ‍ॅप!" म्हणून सोडून दिलं. घरी जाताना फोनवर ऐकू म्हणाली. काचेपलीकडे मामांचे ओठ हलत होते. ते काय, हलतच असायचे.

तपासणी संपली. मामांना दारापर्यंत सोडायला ती गेली आणि त्या गडबडीत कॉम्प्युटरला पासवर्ड लावायचा राहिला. परत आली तेव्हा साचेवाला तिच्या खुर्चीत बसून मामांच्या मोल्डची ऑर्डर छापून घेत होता.

"तुमचं उघडंच होतं," तो म्हणाला. "म्हटलं एक कागद काढून घेतो."

तिला त्या वेळी त्यात काहीही वाटलं नाही. संध्याकाळी रस्त्याने चालताना तिने ताईचा निरोप ऐकला, आणि त्यातली एक गोष्ट ऐकून ती भर रस्त्यात थांबून एकटीच लाजली.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या डॉक्टरांनी तिला आत बोलावलं.

"मोठ्या इस्पितळात चाललीयस म्हणे?"

"सर... कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कळतात गोष्टी." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला आधी सांगितलं असतंस तर बरं वाटलं असतं. असो. मी दुसऱ्या एका मुलीशी बोलतोय. तुझं तिकडचं झालं की सांग."

संपलं. झालं नाही तर काय, हे विचारायचीही सोय राहिली नाही. ती बाहेर आली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. ही गोष्ट जगात दोनच माणसांना माहीत होती. ताई सांगणार नाही. अ‍ॅप फुटत नाही. राहता राहिला तो, जो काल तिच्या उघड्या कॉम्प्युटरसमोर बसला होता! पुठ्ठे लावतो म्हणे. डोळे ऐकत नाहीत म्हणे. साळसूद कुठला!

"वाचलंत ना तुम्ही?" ती त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"काय?"

"वेड पांघरू नका! काल माझ्या खुर्चीत बसला होतात. माझ्या इस्पितळातल्या नोकरीचं वाचलंत, आणि डॉक्टरांच्या कानाला लागलात! काय मिळालं तुम्हाला? माझी इथली नोकरी गेली, तिकडची हातात नाही. बरं वाटलं?"

त्याच्या हातातली पेस्ट तशीच राहिली. "मी काहीही वाचलं नाही."

"मग काय हवेतून गेलं?"

"माहीत नाही. मी वाचलं नाही, आणि मी कुणाला सांगितलं नाही."

"खोटं बोलताय!"

तो उठला. त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "तुम्ही इथून जाणार आहात, हे मला आत्ता कळतंय. तुमच्याकडून. तेसुद्धा चोर ठरवून ओरडताना." त्याने हात पुसले. "रोज समोर बसत होतो आपण. एवढं तरी नीट सांगायचं होतंत... मॅडम."

त्या 'मॅडम'ने तिच्या कानाखाली वाजवल्यासारखं झालं. पण ती मागे हटणारी नव्हती. तिने फणकाऱ्याने पाठ फिरवली, घरी गेल्यावर त्याने करून दिलेले बोळे कानात घातले आणि उशीत तोंड खुपसून रडली. चोराच्या हातचे बोळे, पण इतके नेमके बसत की काढवत नव्हते. याचाही तिला राग आला.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. त्याने कॉम्प्युटरला हात लावणंच बंद केलं. ऑर्डर हवी असली की दारात उभं राहून म्हणायचा, "मॅडम, आजच्या ऑर्डरी वाचून दाखवता का?" आणि ती एखादी सरकारी घोषणा करावी तशा वाचून दाखवायची. पावसाच्या सरी यायच्या, तपासण्या थांबायच्या, आणि दोघं आपापल्या टेबलाशी असे बसायचे, जसा काही पाऊस समोरच्यानेच पाडला आहे. ताईने विचारलं, "खळीवाल्याचं काय?" ठिणगीने लिहिलं, "नाव काढू नकोस त्याचं." ताईने विचारलं, "तो काय म्हणाला पण?" ठिणगीने लिहिलं, "म्हणाला वाचलं नाही." "मग?" "मग काय मग! चोर कधी हो म्हणतो का?" पण पाठवल्यावर तिने स्वतःच ते पुन्हा एकदा वाचलं. तो हो म्हणत नव्हता हे खरं, पण दुसरंही काही म्हणत नव्हता. ना मनधरणी, ना गोड बोलणं. खोटं बोलणारी माणसं इतकं कमी बोलत नाहीत, असं तिच्या मनात आलं, आणि तिने ते झटकून टाकलं.

इस्पितळातून होकार आला तो मामा मशीन घ्यायला आले त्या सकाळी. ठिणगीला आनंद झाला, पण सांगणार कुणाला? समोर बसलेल्याला तर नाहीच.

साचेवाल्याने मामांच्या कानात मोल्ड बसवला, ठिणगीने मशीन लावलं, आवाज कमीजास्त केला. मामा खूश झाले. मग त्यांनी केबिनकडे बोट दाखवलं.

"आज ती बाई नाही वाटतं?"

"कोण बाई?"

"मागच्या वेळची. आधी ते कंटाळवाणे शब्द झाले ना, नळ, घर, बस... मग ती मध्येच बोलायला लागली. फार छान बोलते! तुम्ही म्हणालात, ऐकू येईल ते तसंच्या तसं म्हणा. मी म्हटलं की सगळं. तीनदा ऐकवलंत, तीनदा म्हटलं."

ठिणगीने झटकन टेबलामागे बघितलं. वायर! कॉम्प्युटरचा आवाज वायरीने केबिनमध्ये जात होता. अ‍ॅप मेलं नव्हतं. ताईचा निरोप तिला ऐकू येत नव्हता, कारण तो मामांना ऐकू येत होता. आणि मामांचा माइक तिने स्वतःच्या हाताने बंद केला होता.

"मामा, राहू द्या ते—" ती घाईघाईने म्हणाली.

"राहू द्या कसं? पाठ झालंय मला! आयुष्यभर पोरांकडून पाठांतर करून घेतलंय, माझं कसं कच्चं राहील?" मामांनी घसा खाकरला आणि वर्गात म्हणावं तसं सुरू केलं. "काय गं ठिणगे, मोठ्या इस्पितळाचं कळलं का? पक्कं होईपर्यंत तुझ्या डॉक्टरांना सांगू नकोस हं, ते लगेच दुसरी मुलगी बघतील."

"मामा!"

"थांब गं, पुढे मजा आहे. आणि त्या खळीवाल्याचं काय? रोज उठून मला सांगतेस की आवडतो. मला सांगून काय उपयोग? त्याला सांग की! का त्याचाही साचा घेऊन कपाटात ठेवणार आहेस?"

खोलीत टाचणी पडली असती तरी मामांच्या नव्या मशीनला ऐकू आली असती. साचेवाला हातातल्या चिमट्याकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. ठिणगीचं तर सगळं तोंडच लाल झालं होतं.

"भाच्याला त्याच रात्री म्हटलं, अरे तुमची तपासणी फार आधुनिक, त्यात गोष्टसुद्धा सांगतात," मामा म्हणाले. "ही ठिणगी कोण ते काही कळलं नाही. पण पोरगी भित्री दिसते."

भित्री! ठिणगीला आयुष्यात अनेक नावं ठेवली गेली होती, पण हे पहिल्यांदाच. मामा आनंदाने रस्त्यावरचे हॉर्न ऐकायला निघून गेले. साचेवाला आपल्या टेबलाशी गेला. आणि ठिणगी, राग कुणावर तरी काढायलाच हवा म्हणून, तडक डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"सर, मामांनी सांगितलं म्हणून कळलं, एवढं त्या दिवशीच बोलला असतात तर काय बिघडलं असतं? कळतात गोष्टी म्हणे! मी दुसऱ्याच माणसाला..."

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बोललो असतो," ते म्हणाले. "पण मग हेही बोलावं लागलं असतं की पेशंट आत बसलेला असताना तू बहिणीचे निरोप ऐकत होतीस. तुझी चूक पोटात घातली, एवढंच."

आता बोला! रागवायला उघडे होते ते सगळे दरवाजे बंद झाले. अ‍ॅप निर्दोष, ताई निर्दोष, मामा निर्दोष, डॉक्टर तर उपकारकर्ते. एवढ्या सगळ्यांतून उरली ती एकटी. तिने होकाराचं सांगितलं, चुकीची माफी मागितली. डॉक्टर म्हणाले, "चांगलं काम आहे ते. जा." आणि ती खाली मान घालून बाहेर आली.

तो साचा घासत होता. ती समोर उभी राहिली. त्याने मान वर केली नाही.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

घासणं चालूच.

"ऐकताय ना? माझं चुकलं म्हणतेय!"

"माफी मागताय का भांडताय?"

"मला दोन्ही एकाच आवाजात येतं!"

त्याचा हात थांबला. पण तो हसला नाही. "मॅडम, नोकरीची गोष्ट लपवलीत, ठीक आहे. तुमची नोकरी, तुमची ताई. पण काहीतरी फुटलं म्हटल्यावर तुम्हाला पहिला मीच आठवलो? एकदासुद्धा विचारलं नाहीत. थेट निकाल! पहिल्या दिवशी पुठ्ठा लावला तो मी. त्याची एवढीच किंमत?"

त्याच्या डोळ्यांत राग होता, चांगला घसघशीत, आणि त्याच्या मागे काहीतरी दुखत होतं. तिचा स्वतःचा राग एवढ्या दिवसांत पहिल्यांदा पुरता विझला.

"पहिले तुम्हीच आठवलात," ती हळूच म्हणाली. "कारण... दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी चिडले असते आणि विसरले असते. तुम्ही केलंत असं वाटलं आणि मला श्वास घेता येईना. इतकं लागलं की विचारायचं सुचलंच नाही. हे काही कारण नाही, माहितेय मला. पण खरं हेच आहे."

त्याने साचा खाली ठेवला. मग म्हणाला, "आणि ते दुसरं?"

"कुठलं दुसरं?"

"मामांनी म्हटलं ते. खळीचं."

"ते मामा म्हणाले!"

"मामा म्हणाले ते ताई म्हणाली म्हणून. ताई म्हणाली ते कुणी म्हटलं म्हणून?"

"तुम्ही ना—" ती तणतणली. मग तिला 'भित्री' आठवलं, आणि तिने सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. "मी म्हटलं म्हणून. आवडता तुम्ही मला. पुढच्या महिन्यात मी जाणार इथून, आणि रोज समोर तुम्ही नसणार, याचाही मला राग येतोय. झालं समाधान?"

"बरंचसं," तो म्हणाला. "मलाही येतोय. ज्या दिवशी ओरडून सांगितलंत त्या दिवसापासून. निम्मा राग चोर म्हणाल्याचा होता. निम्मा तुम्ही जाणार याचा."

बाहेर कुणीतरी पेशंट खोकला. दोघांनीही लक्ष दिलं नाही. त्याने उठून दारातल्या पेटीतून आपला फोन आणला, तिचाही आणला, आणि बंदी मोडून दोन्ही टेबलावर ठेवले. "मी ते अ‍ॅप घेतलंय. भांडण झालं त्याच रात्री. त्यातून निरोप चोरता येतो का ते बघायला."

"मग?"

"नाही येत. तुमच्या समोर सिद्ध करणार होतो. मग म्हटलं, ज्यांना माझ्यावर विश्वास नाही त्यांना अ‍ॅपवर ठेवायला लावून काय मिळणार?" त्याने फोन तिच्याकडे सरकवला. "पण एक गोष्ट कळली त्यात. आपल्या दोघांच्या मध्ये कुणी तिसरा घुसलेला नाही हे तपासायला अ‍ॅप एक लांबलचक आकडा देतं. तुमच्याकडे आणि माझ्याकडे तोच आकडा दिसला पाहिजे. समोरासमोर बसून वाचायचा."

तिने पहिला निरोप पाठवला. नुसती एक खूण, तीही लाजत. मग दोघांनी आपापल्या फोनवर तो आकडा उघडला. ती वाचू लागली, तो आपल्या स्क्रीनवर बोट फिरवू लागला. चार, सात, शून्य, दोन, नऊ... मध्येच तो वाचायला लागला आणि ती ऐकायला. दोघांची डोकी इतकी जवळ आली की तिची एक बट त्याच्या गालाला लागली, आणि तो दोन आकडे चुकला.

"नीट वाचा!" ती म्हणाली.

"तुम्ही नीट वाचू द्या!"

शेवटपर्यंत सगळे आकडे जुळले. खाली एक बटण होतं, खात्री झाली अशी नोंद करायचं. तिने वाट पाहिली. तो काही बोट पुढे करेना.

"दाबा ना," ती म्हणाली.

"मी कशाला? मला तुमची खात्री पहिल्यापासून होती." त्याने आपले हात मागे घेतले. "नव्हती ती तुम्हाला माझी. तुम्ही दाबा."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने उलट्या हाताने ते पुसलं, आधी स्वतःच्या फोनवरचं बटण दाबलं, मग त्याचा फोन ओढून घेऊन त्यावरचंही, आणि मग त्याचा हात धरला तो बराच वेळ सोडलाच नाही.